तीस अंडी, नऊ पिल्ले! घरच्या इन्क्युबेटरमधली पहिली उबवणूक का फसते?

अंडी उबवण्याची लहान यंत्रे आता काही हजार रुपयांत घरपोच मिळतात. परसात चार गावठी कोंबड्या पाळणारे, शेतात शेड टाकून जोडधंदा करू पाहणारे आणि सुट्टीत मुलांना काहीतरी खरेखुरे दाखवावे म्हणून हौसेने यंत्र आणणारे, असे सगळेच ती घेतात. खोक्यावर ‘पूर्ण स्वयंचलित’ असे ठसठशीत छापलेले असते. अंडी ठेवा, बटण दाबा, २१ दिवसांनी पिल्ले काढा. प्रत्यक्षात पहिल्या खेपेला निम्मी अंडीही फुटत नाहीत, असा अनुभव अनेकांना येतो.

आमचाही तोच झाला. चिपळूणजवळच्या गावी ऐन जुलैत ३० अंडी लावली. पिल्ले निघाली ९, तीही २१ ऐवजी २३व्या दिवशी. उरलेली २१ अंडी उकिरड्यात टाकण्याआधी नाकाला रुमाल बांधून एकेक फोडून पाहिली. मोठ्या हॅचरींमध्ये हे काम नेमाने होते, कारण न फुटलेले अंडेच काय चुकले ते सांगते. पाच अंड्यांत पिल्लाचा मागमूसही नव्हता. चारांमध्ये रक्ताचे बारीक कडे तेवढे होते. एकातले पिल्लू अर्ध्यावर थांबलेले. आणि तब्बल ११ अंड्यांत पिसे, नखे, चोच असलेली, पूर्ण वाढलेली पिल्ले मेलेली होती. यंत्र बिघडलेले नव्हते. चुका आमच्याच होत्या आणि त्यातल्या बहुतेक टाळता आल्या असत्या.

खुडूक कोंबडी असताना यंत्र कशाला?

गावठी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्या अंगाची ऊब साधारण ४१ अंश सेल्सिअस असते. ती पोटाखालची अंडी चोचीने सतत उलटवते, दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठते आणि परत येऊन बसते. ओलावा, वारा, तापमान असे काही तिला मोजावे लागत नाही. तिच्या तोडीचे यंत्र अजून कुणी घरगुती किमतीत बनवलेले नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

अडचण अशी की कोंबडी आपल्या सोयीने खुडूक होत नाही. झाली की तीन आठवडे अंड्यांवर आणि पुढे कित्येक आठवडे पिल्लांमागे, म्हणजे तेवढे दिवस तिची अंडी बंद. शिवाय गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या बहुधा अंड्यांवर बसतच नाहीत. जास्त अंडी मिळावीत म्हणून निवड करता करता त्यांचा तो गुण मागे पडला. एकाच वेळी वीस-पंचवीस पिल्ले हवी असतील तर यंत्राला पर्याय नाही. मात्र घरात एखादी खुडूक कोंबडी असेल, तर यंत्रासोबत तिलाही त्याच दिवशी बसवा. यंत्राने दगा दिला तरी पदरी काही पिल्ले पडतात. यंत्रात निघालेली पिल्ले रात्रीच्या अंधारात तिच्या पंखाखाली सरकवली तर ती बहुतेक वेळा आपलीच म्हणून सांभाळते.

दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघते का?

नाही. किराणा दुकानात मिळणारी पांढरी अंडी लेअर फार्मवरची असतात. तिथे कोंबडा नसतोच, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. उबवणुकीसाठी अंडी घ्यायची ती कोंबड्यासोबत मोकळ्या फिरणाऱ्या कळपातली. आठ-दहा माद्यांमागे एक चांगला नर असावा. आमच्या पाच ‘कोऱ्या’ अंड्यांचा उगम इथेच होता. ज्या शेजाऱ्यांकडून ती आणली, त्यांच्याकडे वीस कोंबड्यांत एकच म्हातारा कोंबडा होता.

रक्ताचे कडे आढळलेल्या चार अंड्यांची गोष्ट वेगळी. ती अंडी फलित होती, वाढ सुरूही झाली होती, पण पहिल्या काही दिवसांतच गर्भ मेला. याची कारणे बरीच असतात. आमच्या बाबतीत साठवण हेच कारण असावे, कारण ३० अंडी जमेपर्यंत आम्ही पंधरा दिवस वाट पाहिली. पुस्तकात ‘सात दिवसांच्या आतली अंडी घ्या’ असे असते, पण ते १५ ते १८ अंशांच्या थंड खोलीत ठेवलेल्या अंड्यांसाठी. आपल्या स्वयंपाकघरात २८-३० अंश असतात. साधारण विशीच्या वर गेले की अंड्यातला गर्भ अर्धवट जागा होतो, किंचित वाढतो, थांबतो, पुन्हा वाढतो आणि दमून मरतो. म्हणून आपल्या हवेत तीन-चार दिवसांपलीकडे अंडी साठवू नयेत. फ्रिजमध्येही ठेवू नयेत. तिथली चार-पाच अंशांची थंडी गर्भाला सोसत नाही. घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, निमुळते टोक खाली आणि रुंद टोक वर असे ट्रेमध्ये ठेवावे. हवेची पोकळी रुंद टोकाला असते, ती जागची हलू नये हा हेतू.

अंडी धुवायची नाहीत. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना अडवतो. धुतले की तो जातो. फार घाणेरडे अंडे मुळात निवडूच नये. तडा गेलेले, फार लांबट, फार गोल, पातळ कवचाचेही नको. दुचाकीवरून हादरे खात आलेली अंडी लगेच यंत्रात न ठेवता दिवसभर स्थिर ठेवून मग लावावीत.

आणखी एक गैरसमज. वनराज किंवा ग्रामप्रिया हे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने संकरातून तयार केलेले पक्षी आहेत. त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले आई-बापासारखी वजनाला किंवा अंड्यांना भरतीलच असे नाही. तसलीच पिल्ले हवी असतील तर ती दरवेळी अधिकृत ठिकाणाहूनच आणावी लागतात. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची उबवणी केंद्रे आहेत, मुंबईत आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे चौकशी करता येते. घरच्या यंत्रासाठी गावठी, असील किंवा कडकनाथ यांची अंडी सोयीची, कारण तिथे जात पुढे चालते.

३७.५ अंश, पण कुठले?

कोंबडीच्या अंड्याला पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट लागते. पंखा नसलेल्या यंत्रात गरम हवा वर चढते, खाली गार राहते. म्हणून तिथे अंड्याच्या वरच्या पृष्ठाशी मोजून ३८.५ अंशांच्या आसपास ठेवतात. इजिप्तमध्ये विटांच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी उबवण्याची प्राचीन परंपरा आहे. तिथले कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब जोखत. आपल्याला ती सवय नाही, म्हणून आपण काचेमागच्या लाल आकड्यावर विसंबतो.

घोटाळा तिथेच होतो. आमच्या यंत्रावर तीन आठवडे ३७.७ दिसत होते. नंतर तपासले तेव्हा आत खरे ३६.९ निघाले. पाऊण अंशाचा फरक, पण २१ दिवस सलग. तापमान सतत थोडे कमी राहिले की पिल्ले एक-दोन दिवस उशिरा निघतात, पोटे फुगलेली, अशक्त असतात. थोडे जास्त राहिले तर लवकर निघतात, लहान असतात, बेंबी नीट मिटलेली नसते. आणि ४० अंशांच्या वर काही तास गेले तर सगळा खेळच आटोपतो. थोडी गारठलेली अंडी सावरू शकतात, तापलेली सावरत नाहीत.

तपासणीचा सोपा उपाय घरातच असतो, तो म्हणजे ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर. नेमक्या याच टप्प्यातले तापमान अचूक दाखवण्यासाठी तो बनवलेला असतो. औषधाची लहान बाटली पाण्याने भरून, झाकण लावून, यंत्रात अंड्यांच्या जागी रात्रभर ठेवावी. सकाळी बाहेर काढून लगेच झाकण उघडावे आणि पाण्यात थर्मामीटर धरावा. साधारण ९९.५ यायला हवे. कमी-जास्त आले तर त्या फरकाने यंत्राची सेटिंग बदलायची आणि पुन्हा रात्रभर थांबायचे. हे सगळे अंडी ठेवण्याच्या दोन-तीन दिवस आधी, रिकाम्या यंत्रात. आम्ही केले ते नंतर, पिल्ले मेल्यावर.

यंत्र ठेवायची जागाही महत्त्वाची. खिडकीजवळ, उन्हाच्या पट्ट्यात, फ्रिजच्या मागे किंवा सिमेंटच्या पत्र्याखाली नको. यंत्राला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही, ही साधी गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली तर यंत्राने हीटर बंद केला तरी आतली अंडी शिजत राहतात. तिथे एप्रिल-मेमध्ये कूलरच्या खोलीखेरीज अंडी लावूच नयेत, असे माझे मत आहे.

पाणी घालायचे की नाही?

आमच्या ११ मेलेल्या पिल्लांपैकी आठ पिल्ले ओलीचिंब होती. अंड्यात जी हवेची मोठी पोकळी दिसायला हवी ती जेमतेम होती. ती पिल्ले बुडाली होती, असेच म्हणावे लागेल. आणि त्यांना बुडवले आम्ही, रोज नेमाने ट्रेमध्ये पाणी ओतून.

हे कसे होते ते समजून घेतले तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून २१ दिवस बाहेरचा प्राणवायू आत येतो आणि आतले पाणी वाफ होऊन बाहेर जाते. पाणी गेले की ती जागा हवेने भरते आणि रुंद टोकाकडची पोकळी मोठी होते. शेवटी पिल्लू पहिला श्वास घेते ते या पोकळीतल्या हवेतून. पाणी पुरेसे गेले नाही तर पोकळी लहान, आत द्रव जास्त, पिल्लाला डोके वळवायला जागा नाही. पाणी फार गेले तर उलटे, आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटावे, हा मध्य.

यासाठी पहिले १८ दिवस यंत्रातली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवा, असे सांगितले जाते. आकडे बरोबर आहेत. पण ते गाठायला किती पाणी घालायचे हे गावावर आणि ऋतूवर अवलंबून असते, आणि माहितीपत्रके लिहिली जातात भलत्याच हवामानासाठी.

जुलैत कोकणात बाहेरची हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरा. तीच हवा यंत्रात जाऊन ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप सुमारे ५३ टक्क्यांवर येते. म्हणजे एक थेंब पाणी न घालता काम झालेले असते! आम्ही वर दोन्ही ट्रे भरले आणि मापक ७० च्या पुढे गेला तेव्हा खूशही झालो. आता उलट टोक घ्या. नाशिककडे डिसेंबरच्या रात्री १५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात तापली की जेमतेम १३ टक्के उरते. तिथे पाणी घातले नाही तर अंडी अक्षरशः वाळतात. एकाच राज्यात, एकाच यंत्राला, दोन अगदी उलट नियम. शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाने व्हिडिओत सांगितले म्हणून आपण पाणी ओतायचे, यात काही अर्थ नाही.

स्वस्त आर्द्रतामापकही दहा-पंधरा टक्क्यांनी चुकतात. तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोड्या पाण्याने ओले करावे, लगदा झाला पाहिजे, पाणी साचता कामा नये. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावेत. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवे. ७० दाखवले तर आपला मापक पाचने मागे आहे, एवढे लक्षात ठेवायचे.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. ५० ग्रॅमची ३० अंडी म्हणजे दीड किलो. १८ दिवसांत १२ टक्के घटायचे म्हणजे १८० ग्रॅम, रोजचे १० ग्रॅम. गावठी अंडे लहान असते, तेव्हा आपल्या अंड्यांच्या वजनावरून गणित करावे. सुरुवातीला, सातव्या आणि चौदाव्या दिवशी सगळी अंडी एकत्र तोलायची. सातव्या दिवशी ७० ग्रॅमच्या जागी ४० च घटले असतील तर पाणी काढून टाका, शंभर घटले असतील तर वाढवा. मधे खराब अंडी काढली तर उरलेल्यांच्या सरासरीने हिशेब करायचा. मापक खोटे बोलेल, काटा सहसा बोलत नाही.

मोबाइलच्या टॉर्चने काय दिसते?

हा भाग सर्वांत आनंदाचा. सातव्या दिवशी रात्री खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चवर अंड्याचे रुंद टोक टेकवायचे, बोटांनी कडेचा प्रकाश अडवायचा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधोमध एक गडद ठिपका दिसला तर अंडे जिवंत आहे. गर्भाचे हृदय दुसऱ्या दिवसाच्या सुमारासच धडधडू लागलेले असते. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंडे फलित नव्हते किंवा अगदी सुरुवातीलाच गेले. शिरा नाहीत आणि एक लाल कडे दिसते, तर गर्भ मेला आहे. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे. बहुतेक अंडे गडद दिसते आणि आत हालचाल जाणवते. तपकिरी कवचात हे सारे अंधुक दिसते. शंका असेल ते अंडे ठेवून द्यावे, घाण वास येणारे मात्र लगेच काढावे. ते आत फुटले तर बाकीच्यांवर जंतूंचा सडा पडतो.

रोज रोज पाहू नये. पोरे मागे लागतात, आपल्यालाही राहवत नाही, पण दोनदा पुरे.

अंडी फिरवण्याबाबत फारसे काही अवघड नाही. एकाच स्थितीत राहिले तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो, म्हणून फिरवायचे. स्वयंचलित ट्रे असेल तर तो खरोखर हलतो की नाही, एवढे दिवसातून एकदा पाहा. हाताने फिरवायचे असेल तर अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलने काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा, उलटा. त्यामुळे लांबलचक रात्र दरवेळी वेगळ्या कुशीवर जाते. अठराव्या दिवशी फिरवणे बंद.

वीज गेली तर?

आमच्याकडे नवव्या दिवशी पाच तास वीज गेली. घरात रडारड व्हायची बाकी होती. खरे तर दोन-तीन तासांची खंडितता अंडी बहुधा सहज सोसतात. कोंबडीही रोज घरट्यातून उठतेच. झाकण उघडायचे नाही. पहिल्या दोन आठवड्यांत यंत्रावर जाड गोधडी टाकावी. तिसऱ्या आठवड्यात पिल्ले स्वतः बरीच उष्णता निर्माण करतात आणि त्यांना हवाही जास्त लागते, म्हणून तेव्हा गोधडी टाकली तरी हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. बहुतेक लहान यंत्रे शंभर वॅटच्या आत चालतात, त्यामुळे घरचा इन्व्हर्टर असेल तर तो जोडलेला बरा. वीज परत आल्यावर घाईने तापमान वाढवायला जाऊ नये. यंत्र आपोआप पूर्वपदावर येते.

थर्माकोलचे खोके आणि बल्ब वापरून घरीच यंत्र करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एलईडी बल्बने ऊब मिळत नाही, जुना तारेचा पिवळा बल्बच लागतो. आणि तो थर्माकोलला टेकला तर आग लागू शकते.

शेवटचे तीन दिवस झाकण का उघडायचे नाही?

अठराव्या दिवशी फिरवणे थांबवून ट्रे काढायचा, अंडी जाळीवर आडवी ठेवायची, पाणी वाढवायचे आणि झाकण लावायचे. त्यानंतर हात मागे बांधून बसायचे. सगळ्यांत कठीण काम हेच.

आत काय चाललेले असते? एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पडदा फाडून हवेच्या पोकळीत डोके घालते आणि फुप्फुसाने श्वास घेऊ लागते. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. चोचीच्या शेंड्यावर या कामापुरताच एक टणक कण असतो, त्याने ते कवचाला पहिली चीर पाडते. आणि मग काहीच होत नाही. बारा तास, कधी अठरा, कधी चोवीस तास ते तसेच पडून राहते. पाहणाऱ्याला वाटते, अडकले बिचारे. ते अडकलेले नसते. पडद्यातल्या शिरांतले रक्त अंगात ओढून घेणे आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात घेणे, ही दोन कामे त्याला पुरी करायची असतात. ती झाली की ते अंड्यात गोल फिरत कवच कापत जाते आणि तासाभरात बाहेर येते.

आमचा धीर सुटला तो नेमका इथे. एका अंड्याला चीर पडून सात तास झाले होते. मी नखाने थोडे कवच सोलले. पडद्यातून रक्त आले, थांबेना. ते पिल्लू अर्ध्या तासात गेले. त्या गडबडीत झाकण तीन वेळा उघडले. दमट हवा निघून गेली, पंख्याने चीर पडलेल्या आणखी दोन अंड्यांतला पडदा सुकवला आणि तो चामड्यासारखा पिल्लांभोवती आवळला गेला. ११ मधली ही उरलेली तीन.

मग मदत कधीच करायची नाही का? चीर पडून चोवीस तास उलटले, काहीच प्रगती नाही, पडदा पांढरट-तपकिरी कोरडा पडला आहे आणि उजेडात शिरा दिसत नाहीत, अशा वेळी कोमट पाण्याने पडदा ओलावून चिमटीने कवचाचा एखादा तुकडा काढता येतो. लाल थेंब दिसला की तिथेच थांबायचे. तरीही अशी बाहेर काढलेली पिल्ले पुष्कळदा अशक्त निघतात.

निघालेली पिल्ले लगेच बाहेर काढण्याची गरज नसते. पोटातल्या बलकावर ती दोन-तीन दिवस तग धरतात. त्यांच्या चिवचिवाटाने बाकीच्यांनाही जाग येते. अंग सुकून पिसे फुलली की सगळी एकदम काढावीत.

पुढचे महिनाभर काय?

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यायची. खोक्यात एका कोपऱ्यावर पिवळा बल्ब टांगावा आणि दुसरा कोपरा गार ठेवावा. पिल्ले बल्बखाली गठ्ठ्याने दाटली तर थंडी वाजते, लांब पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर उकडते, पसरून खात असतील तर ठीक. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. खरबरीत कापड किंवा भाताचे तूस घालावे. पहिल्यांदा गुळाचे कोमट पाणी, मग मक्याचा बारीक भरडा, नंतर पिल्लांचे खाद्य. पाण्याच्या ताटलीत खडे टाकून ठेवा, नाहीतर चमचाभर पाण्यातही बुडून मरतात.

लसीकरण अनेक जण टाळतात आणि दोन महिन्यांनी एका आठवड्यात सगळा कळप गमावतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास द्यावी लागते. अडचण अशी की लसीच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक डोस असतात आणि पातळ केल्यावर ती काही तासांतच वापरावी लागते. नऊ पिल्लांसाठी कोण आणणार? म्हणून गावातल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात अंडी लावून लस एकत्र आणणे सोयीचे. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवावे. पिल्ले हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा, तोंडाशी नेऊ देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात.

आणि कोंबड्यांचे काय करणार, हे अंडी लावण्याआधी ठरवा. निम्मी पिल्ले नर निघणार, हे गणित कुठल्याही यंत्राने बदलत नाही. गावी ते वाढवून विकता येतात. शहरातल्या सोसायटीत पहाटे चारला आरवणारा कोंबडा म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचे वैर. सोसायटीत चालत नसेल आणि गावी पाठवायचीही सोय नसेल तर यंत्र घेऊच नये, असे मी स्पष्टच सांगतो.

आम्ही दुसरी खेप नोव्हेंबरमध्ये लावली. दोन घरांतून तीन दिवसांत जमवलेली २४ अंडी, आधी तपासलेले तापमान, अर्धाच ट्रे पाणी, दर आठवड्याला काटा. शेवटच्या तीन दिवसांत झाकणावर चिकटपट्टी लावली आणि मुलांना आजीकडे पाठवले. २१व्या दिवशी सकाळपासून फुटायला सुरुवात झाली, बाविसाव्या दिवशी दुपारपर्यंत १७ पिल्ले बाहेर होती. न फुटलेली सात फोडून पाहिली. चार कोरी, दोनांत रक्ताचे कडे, आणि एक पूर्ण वाढलेले पिल्लू, ज्याचे डोके निमुळत्या टोकाकडे वळले होते.

त्या १७ पैकी सात नर लवकरच ओळखू आले, ते वाढवून आठवडी बाजारात विकले. दहा तलंगा ठेवल्या. त्यांतली एक तेराव्या आठवड्यात पहाटे खुराड्यावर चढून आरवली.